एकाच उंदराचे दोन शत्रू: गव्हाणी घुबड आणि धामण

गव्हाणी घुबड हा पक्षी आणि धामण हा साप. बेळगाव-निपाणी सीमाभागातल्या शिवारात उंदरांवर पोट भरणारे प्राणी अनेक आहेत, पण या दोघांइतका उपयोग क्वचितच दुसऱ्या कोणाचा होतो आणि या दोघांइतके गैरसमजही क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येतात. घुबड रात्री निघते, धामण दिवसा. घुबड वरून झडप घालते, धामण थेट बिळात शिरते. घुबडाच्या अंगात स्वतःची ऊब असते, तर धामणीला ती उन्हाकडून घ्यावी लागते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने एकमेकांपासून इतके दूर असलेले हे दोन प्राणी एकाच भक्ष्यावर जगतात. त्यामुळे शेताच्या बाजूने पाहताना प्रश्न असा पडतो की एक असेल तर दुसऱ्याची उणीव भरून निघते का? दोघांच्या शरीरांची, सवयींची आणि ऋतुचक्राची तुलना केली की त्याचे उत्तर हाती येते, आणि ते ‘नाही’ असे आहे.

या भागातली पिके उंदरांना मानवणारी आहेत. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूरपासून खानापूरपर्यंत भात पिकते. येळ्ळूर, वडगाव, शहापूर या शिवारांतला बेळगाव बासमती पूर्वीपासून नावाजलेला आहे. लाल मातीत रताळी आणि बटाटे होतात. उत्तरेला चिकोडी-निपाणीकडे जावे तशी जमीन काळी होत जाते. वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठाने उसाचे फड लागतात, माळाच्या बाजूला सोयाबीन, भुईमूग, ज्वारी आणि निपाणीचा बिडीचा तंबाखू दिसतो. तंबाखूच्या पानाला उंदीर फारसे तोंड लावत नाही, पण शेजारच्या भुईमुगाच्या शेंगा तो उकरून नेतो. उसाची खालची पेरे कुरतडल्याने ऊस आडवा पडतो आणि कुजतो. भातात फुटवे कापले जातात. शेतातली घूस तर लोंब्या ओढून बिळात साठवते; सुगीनंतर बिळे उकरून ते धान्य काढण्याची पद्धत देशाच्या अनेक भागांत होती. मऊ केसांचा शेतउंदीर, चिमुकला शेतउंदीर, लांब शेपटीचा हरण्या उंदीर आणि ही घूस अशी मंडळी इथल्या शेतांत असतात. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा आणि एका वेतात बहुधा पाच ते आठ पिल्ले. खायला मिळत राहिले तर वर्षभर वेते चालू राहतात. बागायती उसात ते बाराही महिने मिळते. एखाद्या शिकाऱ्याने वर्षातला एकच हंगाम काम केले तर उंदीर उरलेल्या हंगामात तूट भरून काढतात, ही गोष्ट पुढच्या तुलनेत लक्षात ठेवावी लागते.

गव्हाणी घुबड ओळखायला सर्वांत सोपे. चेहरा पांढरा आणि बदामाच्या आकाराचा, डोळे काळे, पोट पांढरे, पाठ सोनेरी-राखाडी आणि तीवर बारीक ठिपके. लांबी साधारण 35 सेंटीमीटर आणि वजन बहुधा 300 ते 500 ग्रॅम, म्हणजे दिसते त्या मानाने फारच हलके. शास्त्रीय नाव टायटो अल्बा; अलीकडे काही अभ्यासक भारतातल्या पक्ष्यांना टायटो जावानिका या पूर्वेकडच्या जातीत धरतात. कन्नडमध्ये त्याला कणज गूबे म्हणतात. हे घुबड घुत्कार करत नाही. खरखरीत किंकाळी फोडते आणि पिल्ले घोरल्यासारखा लांब सुस्कारा काढतात. पडक्या वाड्यातून रात्री येणाऱ्या त्या आवाजाने अनेक भुताच्या गोष्टींना खतपाणी घातले आहे. देवळांची शिखरे, जुन्या वाड्यांचे माळे, वखारींची उंच कौलारू छपरे, विहिरीच्या कपारी आणि झाडांच्या ढोल्या अशा जागा त्याला लागतात. घरटे असे ते बांधत नाही, अंडी सरळ उघड्या पृष्ठभागावर घालते.

धामण, म्हणजे टायास म्युकोसा, हे नाव लिनियसने 1758 साली केलेल्या वर्णनापर्यंत मागे जाते. कन्नडमध्ये ती केरे हावु. इराणच्या पूर्व भागापासून तैवान-जावापर्यंत पसरलेला हा साप सहसा दीड ते दोन मीटर भरतो. अडीच मीटरच्या पुढच्या धामणीही आढळतात. रंग पिवळसर, तपकिरी किंवा काळपट. अंगाच्या मागच्या भागावर आणि शेपटीवर काळ्या रेघांची जाळी, ओठांच्या खवल्यांना काळ्या कडा, डोळे मोठे आणि बाहुली गोल. विष अजिबात नाही. तरीही बिनविषारी सापांमध्ये सर्वाधिक मार तिलाच बसतो, कारण लांबी, रंग आणि वेग यांमुळे ती नाग समजली जाते. फरक मात्र पुरेसा स्पष्ट आहे. नाग चिडला की मान आडवी पसरून फणा काढतो. धामण चिडली की मान उभी फुगवते, गुरगुरल्यासारखा आवाज करते आणि संधी मिळताच निसटते. नागाचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही, धामणीची मान डोक्याच्या मागे बारीक होते. अर्थात संशय असताना जवळ जाऊन खात्री करण्याची गरज नाही. अंतर राखणे हे दोघांच्याही हिताचे.

पक्षी आणि सरपटणारे प्राणी असे दोन वर्ग शाळेच्या पुस्तकांत शेजारी-शेजारी मांडलेले असतात. वंशाचा विचार केला तर ही मांडणी थोडी फसवी ठरते. मगर ही साप-सरड्यांपेक्षा पक्ष्यांना जवळची, कारण मगरी, नामशेष झालेले डायनासोर आणि पक्षी हे एकाच शाखेतले. साप आणि सरडे दुसऱ्या शाखेतले. या दोन शाखा सुमारे 25 ते 28 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. म्हणजे घुबड आणि धामण यांचा शेवटचा समान पूर्वज शोधायचा तर पहिल्या डायनासोरांच्याही आधीच्या काळात जावे लागते. तरी त्या पूर्वजाच्या खुणा दोघांच्या अंगावर आहेत. घुबडाच्या पायांवर खवले असतात आणि त्या खवल्यांतली, तसेच पिसांतली कठीण प्रथिने सापाच्या खवल्यांतल्या प्रथिनांची नातलग आहेत. दोघेही नत्रयुक्त टाकाऊ पदार्थ पातळ मूत्राऐवजी पांढऱ्या यूरिक आम्लाच्या रूपात टाकतात. त्यामुळे पाणी वाचते. दोघांमध्येही लिंग मादीच्या गुणसूत्रांवर ठरते. गंमत अशी की ही गुणसूत्रांची पद्धत पक्ष्यांत आणि सापांत वेगवेगळ्या गुणसूत्रांवरून स्वतंत्रपणे उभी राहिली आहे. तिला पूर्वजाकडून आलेला वारसा म्हणता येत नाही.

दोघांमधला खरा फरक उष्णतेचा आहे आणि शेतावर होणारा बराचसा परिणाम त्यातूनच निघतो. घुबडाच्या शरीराचे तापमान थंडीत, उन्हात, पावसात 40 अंश सेल्सिअसच्या आसपास कायम राहते. हृदयाचे चार कप्पे पूर्ण वेगळे, फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि हवेच्या पिशव्या तिला मदत करतात. ही भट्टी सतत पेटती ठेवायची तर इंधनही सतत लागते. एक घुबड रात्रीला साधारण तीन-चार लहान उंदीर, म्हणजे आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास अन्न खाते. काही दिवस सलग उपास पडला की ते मरते. धामणीचे हृदय तीन कप्प्यांचे, कामाचे फुप्फुस मुख्यतः उजवे, आणि शरीराची उष्णता बाहेरून घेतलेली. थंडीच्या दिवसांत, बेळगावची रात्र चांगलीच गारठलेली असते तेव्हा, ती बिळात पडून राहते आणि सकाळी ऊन वर आल्यावर बांधावर अंग शेकते. तेवढ्याच वजनाच्या पक्ष्याला जितकी ऊर्जा लागते त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी ऊर्जेत साप जगतो. एखादी घूस गिळली की अनेक दिवस तिला दुसरे भक्ष्य लागत नाही. अन्नाविना ती कित्येक आठवडे काढू शकते.

या आकड्यांवरून घुबडाचे पारडे एकदम जड वाटते. पिल्ले असलेली घुबडाची एक जोडी वर्षभरात हजाराच्या वर उंदीर मारते, असे मलेशियातल्या तेलताडाच्या मळ्यांत केलेल्या अभ्यासांतून दिसून आले. एवढे उंदीर एका धामणीला वर्षभरात लागतही नाहीत. पण कमी खाणे हे सापाचे बळही आहे. उंदीर कमी झाले की घुबड उपाशी राहते किंवा दुसरीकडे जाते. धामण तिथेच टिकते. उंदरांची संख्या पुन्हा चढू लागते तेव्हा तिला परत येण्याची गरज पडत नाही, ती आधीपासून तिथे असते. कमी अन्नावर जगणारा प्राणी तेवढ्याच शेतात अधिक संख्येने राहू शकतो, हाही मुद्दा आहेच. म्हणून एका घुबडाची तुलना एका धामणीशी करणे चुकीचे; शिवाराची तुलना शिवाराशी करावी लागते.

शिकारीच्या साधनांत दोघांनी अगदी विरुद्ध वाटा धरल्या आहेत. गव्हाणी घुबड कानांनी शिकार करते. चेहऱ्याची बदामी तबकडी आवाज गोळा करून कानांकडे वळवते. पिसांखाली लपलेल्या कानांपैकी डाव्याचे छिद्र उजव्यापेक्षा थोडे वर असते. आवाज उजव्या-डाव्या बाजूने किती आला हे दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून कळते आणि वरून-खालून किती हे तीव्रतेतल्या फरकावरून. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत घुबड ठेवून ते केवळ आवाजावर उंदीर पकडते हे दाखवले. त्याचा निबंध 1971 साली प्रसिद्ध झाला. 1978 साली एरिक नुडसन आणि मासाकाझू कोनिशी यांनी घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा नकाशाच असल्याचे दाखवून दिले, आणि तेव्हापासून मेंदू आवाजाची जागा कशी ठरवतो याच्या अभ्यासात हा पक्षी आदर्श नमुना बनला. निपाणीजवळच्या एखाद्या पडक्या वखारीत बसणारा पक्षी जगभरच्या मेंदूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे, याची दखल इथे फारशी घेतली गेलेली नाही. उडण्याचा आवाज जवळजवळ शून्य: पंखाच्या पुढच्या कडेवर कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला झालर आणि पिसांवर मखमली लव यांमुळे हवा फाटण्याचा आवाज होत नाही. त्यामुळे उंदराला चाहूल लागत नाही आणि घुबडालाही स्वतःच्या पंखांच्या आवाजातून उंदराची खुडबुड वेगळी ऐकता येते. डोळे खोबणीत घट्ट बसलेले असल्याने फिरत नाहीत. म्हणून मान फिरते, एका बाजूला सुमारे 270 अंशांपर्यंत.

धामणीला बाहेरचा कान नाही. आतला कान मात्र आहे आणि तो जबड्याशी जोडलेल्या हाडामार्फत जमिनीतली कंपने टिपतो. हवेतले खालच्या पट्टीतले आवाजही सापांना काही प्रमाणात कळतात हे आता सिद्ध झाले आहे. तिची मुख्य साधने म्हणजे डोळे आणि जीभ. दिवसा शिकार करत असल्याने डोळे मोठे आणि हालचाल टिपण्यात तरबेज. दुभंगलेली जीभ हवेतले आणि मातीवरचे गंधकण उचलून टाळूतल्या जेकबसनच्या अवयवापर्यंत नेते. जिभेच्या दोन टोकांवर गंध किती कमी-जास्त आहे यावरून उंदीर कोणत्या वाटेने गेला हे तिला कळते आणि ती त्याच्या मागोमाग बिळात शिरते. हेच तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य. घुबडाला बिळाबाहेर आलेला उंदीरच मिळतो. धामण बिळात जाऊन डोळे न उघडलेली पिल्ले वेतासकट संपवते. ती अजगरासारखा आवळून जीव घेत नाही. भक्ष्याला शरीराच्या वजनाने जमिनीवर किंवा बिळाच्या भिंतीवर दाबते आणि बहुधा जिवंतच गिळते. उंदरांशिवाय बेडूक, भेक, सरडे, पक्षी, अंडी आणि प्रसंगी दुसरे सापही तिच्या आहारात असतात. झाडावर ती सहज चढते, तेव्हा ढोलीतली घुबडाची पिल्लेही तिच्यापासून सुरक्षित नाहीत. घुबडाच्या आहारात उंदरांखेरीज चिचुंद्र्या, वटवाघळे आणि छोटे पक्षी येतात, पण वाटा उंदरांचाच मोठा.

दोघेही भक्ष्य अख्खे गिळतात आणि इथे एक सुरेख साम्य-भेद दिसतो. पक्ष्याच्या आणि सापाच्या दोघांच्याही जबड्याचा सांधा क्वाड्रेट या हाडावर आहे. पक्ष्यांत त्याच्या हालचालीने चोच उघडायला मदत होते. सापांत ते लांब आणि इतके मोकळे झाले आहे की खालच्या जबड्याच्या दोन फांद्या, हनुवटीशी हाडाने जोडलेल्या नसल्यामुळे, आळीपाळीने पुढे सरकत डोक्याहून मोठे भक्ष्य आत ओढतात. गिळताना श्वासनलिकेचे तोंड बाहेर काढता येते, त्यामुळे धामण गुदमरत नाही. पुढचा प्रवास मात्र वेगळा होतो. घुबडाच्या जठरातले आम्ल त्या मानाने सौम्य. हाडे, केस आणि दात पचत नाहीत, त्यांची गुंडाळी होऊन ती तोंडावाटे बाहेर पडते. सापाचे पचन हाडे विरघळवते, केस आणि नखे तेवढी विष्ठेतून जातात. यामुळे घुबडाच्या बसायच्या जागेखाली पडलेल्या गुंडाळ्या भिजवून सोडवल्या की कवट्या आणि जबडे मोजून त्याने कोणत्या जातीचे किती उंदीर खाल्ले हे नेमके सांगता येते. धामणीचा हिशोब असा मिळत नाही. शेतीच्या पुस्तकांत घुबडाच्या उपयुक्ततेचे आकडे भरपूर आणि धामणीच्या बाजूने नुसते ‘शेतकऱ्याचा मित्र’ एवढे विशेषण, या असमतोलाचे एक कारण तिच्या पोटात आहे.

अंडे दोघांचेही जमिनीवर जगता यावे म्हणून घडलेले, आत पाण्याची पिशवी आणि बाहेर कवच असलेले. घुबडाचे कवच चुन्याचे, कठीण आणि पांढरे. धामणीचे चामड्यासारखे मऊ. घुबडाची मादी अंडी उलटीपालटी करत उबवते. सापाचे अंडे घातल्यानंतर फिरवले तर आतला गर्भ दगावू शकतो, कारण तो वरच्या बाजूला कवचालगत चिकटून वाढतो. नांगरटीत किंवा बीळ उकरताना सापडलेली अंडी उचलून दुसरीकडे ठेवणाऱ्यांनी म्हणूनच ती होती त्याच स्थितीत, वरची बाजू वर ठेवून हलवली पाहिजेत. धामण एका वेळी साधारण सहा ते पंधरा अंडी घालते. मादी बराच काळ त्यांच्याजवळ वेटोळे घालून राहते, पण त्यांना घुबडासारखी ऊब देऊ शकत नाही. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले एकदमच बाहेर येतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असतात. कवच फोडण्यासाठी त्यांच्या तोंडात खरा दात असतो, घुबडाच्या पिल्लाच्या चोचीवर त्यासाठी नुसता कठीण उंचवटा असतो. दोन्ही काम झाल्यावर गळून पडतात. घुबड चार ते सात अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. महिन्याभराने पिल्ले त्याच क्रमाने अंड्यांतून बाहेर येतात, त्यामुळे एकाच घरट्यात मोठे-धाकटे स्पष्ट दिसतात. उंदीर मुबलक असले तर सगळी वाढतात, तुटवडा असला तर धाकटी मरतात. ही क्रूर वाटणारी व्यवस्था घुबडाची संख्या उंदरांच्या संख्येशी जुळवून ठेवते. मादी उबवत असताना नर तिला आणून भरवतो, पिल्ले दोन महिन्यांच्या पुढे जाईपर्यंत दोघेही खेपा घालतात, आणि शेतातले सर्वाधिक उंदीर याच काळात टिपले जातात.

या सगळ्याचा अर्थ शेताच्या वर्षात ठेवून पाहिला की दोघांच्या वाटण्या उघड होतात. उसाची लागण दाट होऊन पाला एकमेकांत गुंतला की वरून उडणाऱ्या घुबडाला जमीन दिसतही नाही आणि तिथे उतरायला जागाही राहत नाही. फडाच्या कडा, पाणंदी, पाटांचे काठ आणि मोकळे बांध एवढीच त्याची शिकारीची जागा उरते. त्या सहा-आठ महिन्यांत फडाच्या आत उंदरांमागे जाणारी धामणच. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की चित्र उलटते. तोडणी झालेल्या फडातून उंदीर उघड्यावर येतात, भातकापणीनंतर खाचरे मोकळी होतात, सोयाबीन आणि भुईमूग निघालेले असतात. रात्री थंड, धामणीची हालचाल मंदावलेली. आणि नेमके हेच दिवस घुबडाचे सुगीचे. पावसाळ्यात पुन्हा उलट: सततच्या पावसात घुबडाची पिसे भिजतात, पावसाच्या आवाजात उंदीर ऐकू येत नाही, तर धामण बेडकांच्या आणि उंदरांच्या मागे सर्वत्र फिरत असते. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात आणि निपाणीच्या कमी पावसाच्या माळावर या वाटणीचे प्रमाण वेगळे राहणार, पण रूप हेच. घुबड गेले तर हिवाळ्यातली रात्र मोकळी पडते, धामण गेली तर उभ्या उसाचा आतला भाग आणि बिळे मोकळी पडतात. ज्या उंदराला वर्षातून अनेक वेळा पिल्ले होतात त्याला अशी एक मोकळी फट पुरते.

लोकसमजुतींनी दोघांनाही वेगवेगळ्या प्रकारे घेरले आहे. धामणीबद्दल तर समजुतींची रांगच आहे: ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत विष असते, ती नागाची मादी असते. सापाच्या तोंडात मागे वळलेले अणकुचीदार दात असतात आणि आचळ धरून ओढायला मांसल ओठ नसतात. असे तोंड लावले तर कोणतेही जनावर लाथ झाडल्याशिवाय राहणार नाही. गोठ्यात ती येते ती पेंड आणि वैरणीतल्या उंदरांसाठी. नाग आणि धामणीचा जोड म्हणून ज्यावर उपरणे टाकले जाते ते दृश्य बहुधा दोन नर धामणींच्या झुंजीचे असते. मादीसाठी ते एकमेकांना पिळे देत अर्ध्या उंचीपर्यंत उभे राहतात आणि एकमेकांना खाली दाबायचा प्रयत्न करतात. नागपंचमीला जमीन न नांगरण्याची, न खणण्याची प्रथा सापांच्या बाजूची आहे, पण तिचा फायदा त्या एका दिवसापुरता. घुबडाचे घरावर बसणे अशुभ मानले जाते. दुसरीकडे ते लक्ष्मीचे वाहनही आहे. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड झिजवत बसते आणि तसतसा मारणारा झिजत जातो, ही समजूत गावोगाव ऐकू येते. निराधार असली तरी तिने कित्येक घुबडे वाचवली असतील. उलट जादूटोण्यासाठी घुबडे पकडण्याचा धंदा, विशेषतः दिवाळीच्या आसपास, देशभर चालतो. ट्रॅफिक इंडिया या संस्थेने 2010 साली त्यावर सविस्तर अहवाल काढला. धामणीच्या कातड्याचा व्यापार एके काळी प्रचंड होता. 1976 मध्ये सापांच्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली, आणि आज वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात धामण आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही संरक्षण दिले आहे. मारणे, पकडणे, बाळगणे हा गुन्हा आहे.

कायद्याच्या कक्षेबाहेरचे धोके मात्र जास्त जीव घेतात. उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनसारखे रक्त न गोठू देणारे विष ठेवले की उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो. विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. झिंक फॉस्फाईडचा धोका या दृष्टीने कमी, कारण ते उंदराच्या पोटातच वायू होऊन बऱ्याच अंशी संपते, पण ते इतर प्राण्यांनी थेट खाल्ले तर तितकेच घातक. उसाच्या तोडणीनंतर पाचट जाळण्याची सवय धामणीसाठी सर्वांत वाईट. आग चारही कडांनी लावली की आतल्या सापाला वाट राहत नाही. पाचट सरीत कुजवले तर जमिनीला सेंद्रिय खत मिळते हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. त्यात सापांचाही जीव वाचतो हे कारण जोडायला हवे. भाजीपाल्याभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत धामण डोके घालते, खवले अडकल्याने तिला मागे सरता येत नाही आणि ती उन्हात मरते. निपाणीवरून बेळगावकडे जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गासारख्या रस्त्यांवर कडेच्या गवतातले उंदीर टिपायला कमी उंचीवरून उडणारी घुबडे वाहनांना धडकतात. कौलारू छपरांच्या जागी स्लॅब आले, जुने वाडे पाडले गेले, पडक्या विहिरी बुजवल्या गेल्या. घुबडाची घरे अशी एकेक करून गेली.

घुबडाला जागा परत देणे शक्य आहे आणि जगात त्याचे चांगले दाखले आहेत. इस्रायलमध्ये योसी लेशेम यांच्या पुढाकाराने 1983 पासून बेट शेआन खोऱ्यातल्या शेतांत लाकडी पेट्या लावल्या गेल्या. पुढे 2002 मध्ये जॉर्डन आणि पॅलेस्टाईनमधले शेतकरीही त्यात सामील झाले, कारण घुबडे सीमा ओलांडून शिकार करतात आणि एका बाजूला टाकलेले विष दुसऱ्या बाजूच्या घुबडाला मारते. सीमाभागाला हा दाखला विशेष जवळचा आहे: वेदगंगेच्या एका काठावरचे शेत महाराष्ट्रात आणि दुसऱ्या काठावरचे कर्नाटकात असते, घुबड दोन्हीकडचे एकच असते. भारतातही लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर नारळ कुरतडणाऱ्या उंदरांसाठी केरळहून गव्हाणी घुबडे नेण्याचा प्रयोग झाला. परक्या बेटांवर असे प्रयोग अंगलट आल्याचेही माहीत आहे. सेशेल्समध्ये 1949 मध्ये आणि हवाईत 1958 मध्ये आणलेल्या गव्हाणी घुबडांनी उंदरांबरोबर तिथल्या दुर्मीळ पक्ष्यांवरही ताव मारला. बेळगाव-निपाणीत हा प्रश्न नाही, कारण पक्षी इथलाच आहे. त्याला बाहेरून आणायचे नसून राहायला जागा द्यायची आहे. जमिनीपासून तीन-चार मीटर उंचीवर झाडाला किंवा खांबाला लावलेली, आत अंधार असलेली मोठी पेटी आणि सोयाबीन-भुईमुगात किडींसाठी लावतात तेच पक्षीथांबे रात्रीसाठी थोडे उंच ठेवणे, एवढ्यावर सुरुवात होते.

धामणीसाठी पेटी लावता येत नाही आणि तिच्या नावाने जगात कुठे मोठी मोहीमही नाही. तिला हवा असतो बांध: कडेची झुडपे न तोडलेला, दगडांचे ढीग आणि जुनी वारुळे शिल्लक ठेवलेला, तणनाशकाने उजाड न केलेला. जमिनीचे तुकडे होत गेले आणि प्रत्येकाने बांध कोरत नेला, तसा तिचा निवारा आटला. घराजवळ निघालेली धामण सर्पमित्राने पकडून दूरच्या जंगलात सोडली तर तिला तिथली बिळे, पाणी आणि धोके अनोळखी असतात. जवळच्याच शिवारात, वस्तीपासून थोड्या अंतरावर सोडणे हाच योग्य मार्ग. उसाची तोडणी चालू असताना कोयता हातात असलेल्या टोळीपुढून ती निसटते तेव्हा तिला मारायचे की जाऊ द्यायचे हे त्या क्षणी ठरते. म्हणून तोडणीच्या हंगामाआधी कारखान्यांनी आपल्या टोळ्यांना नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप आणि धामण यांची ओळख चित्रांसह करून द्यावी. ही ओळख त्या चौघांपासून मजुरांचा जीव वाचवायलाही उपयोगी पडेल, आणि पुढच्या हंगामात त्याच फडातल्या बिळांत शिरायला धामण शिल्लक राहील.